सुताला वाफ देतात म्हणजे नेमकं काय करतात?

कापसाच्या सुताचा एखादा कोन (शंकूच्या आकाराच्या नळीवर गुंडाळलेलं सूत) हाताशी असेल तर आधी एक करून बघा, मग पुढचं वाचा. कोनवरून मीटरभर सूत ओढा, दोन्ही टोकं दोन हातांच्या चिमटीत घट्ट धरा (एक जरी टोक सुटलं तर पीळ उलगडतो आणि सगळं मुसळ केरात), आणि आता हात हळूहळू एकमेकांजवळ आणत जा. सूत आधी नुसतं झोळीसारखं खाली लोंबतं, आणि मग एका ठरावीक अंतरावर एकदम पिसाळल्यासारखं स्वतःभोवतीच गरगर फिरायला लागतं, त्याची दोरीसारखी वेटोळी होते. ह्या वेटोळीला स्नार्ल म्हणतात. आता हेच वाफ दिलेल्या कोनच्या सुताचं करून बघा. हात अगदी जवळ येईपर्यंत ते गुमान लोंबत राहतं, आणि फिरलंच तर दोन-चार वेढे घेऊन थांबतं. कापूस तोच, मशीन तेच, पीळही मोजून तेवढाच. फरक एवढाच की दुसरा कोन पाऊण-एक तास एका बंद टाकीत वाफेत बसून आलाय.

ह्यालाच यार्न कंडिशनिंग म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की ह्यात काय मोठं, सुतावर पाणी मारायचं, वजन वाढवायचं आणि विकायचं. वजन वाढतं हे खरंय आणि त्यावर पुढे बोलूच, पण मुळात हे काम दोन गोष्टींसाठी असतं, एक म्हणजे सूत कातताना मशीननं त्यातलं जे पाणी उडवून लावलंय ते परत देणं, आणि दुसरं म्हणजे सुतात कोंडलेला पीळ शांत करणं. आणि दोन्ही कामं कोनच्या बाहेरच्या थरापासून ते पार आतल्या गाभ्यापर्यंत सारखी झाली पाहिजेत, खरी मेख तिथेच आहे.

आधी पाण्याचं बघू. कापूस, लोकर, रेशीम, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला तंतू) हे सगळे तंतू हवेतलं पाणी धरून ठेवतात. ओले दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, पण पाणी आत असतं. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजच्या साखळीला पाणी आवडणारे हायड्रॉक्सिल गट जागोजागी लटकलेले असतात. जिथे ह्या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून शिस्तीत बसल्यात तिथे पाण्याला शिरायला जागा नसते, पण जिथे त्या अस्ताव्यस्त पडल्यात तिथे पाणी जाऊन बसतं. किती बसतं हे सांगायला रिगेन हा शब्द वापरतात. रिगेन म्हणजे तंतू पूर्ण कोरडा असताना त्याचं जे वजन, त्याच्या किती टक्के पाणी त्यात आहे. व्यापारात कापसाच्या सुताचा रिगेन ८.५ टक्के धरतात, रेशमाचा ११, तागाचा १३.७५, पॉलिएस्टरचा जेमतेम ०.४. लोकर तर ह्या सगळ्यांवर ताण आहे, तिचा १६ ते १८ टक्क्यांच्या घरात धरतात, आणि वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणी पिऊनही ती हाताला ओली लागत नाही.

इथे एक गोंधळ कायम होतो म्हणून आत्ताच सांगून टाकतो. रिगेन आणि मॉइश्चर कंटेंट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १०० किलो पूर्ण कोरड्या कापसात ८.५ किलो पाणी असलं तर रिगेन ८.५ टक्के, पण कंटेंट काढताना भागायचं असतं एकूण वजनानं, म्हणजे १०८.५ किलोनं, मग ते येतं ७.८३ टक्के. एक जण रिगेन सांगतोय, दुसरा कंटेंट समजतोय आणि दोघं अर्धा तास भांडतायत हा प्रकार मी इतक्या वेळा बघितलाय की आता मी पहिला प्रश्नच तो विचारतो, बाबा, भागलंस कशानं ते सांग.

तर कापसाच्या सुतात ८.५ टक्के असायला हवं, पण रिंग फ्रेमवरून, म्हणजे सूत कातायच्या मशीनवरून, उतरतं तेव्हा त्यात असतं साधारण ५ ते ६. का? कारण तिथली चाती मिनिटाला १८-२० हजार फेरे मारत असतात, चातीभोवतीच्या रिंगवर तो ट्रॅव्हलर, म्हणजे सुताला फिरवणारी छोटीशी कडी, सेकंदाला तीस-पस्तीस मीटरच्या वेगानं घासत पळत असतो, मोटारी तापलेल्या, खोलीही तापलेली. त्यातनं सूत वाइंडिंगला जातं, तिथे बॉबिनवरून कोनवर चढताना परत मिनिटाला हजार-बाराशे मीटरच्या वेगानं हवेतून ओढलं जातं. मग साहजिकच कुणीही विचारेल की कताई खात्यातच हवा दमट ठेवा ना, पाणी उडूच देऊ नका. ते जमत नाही. हवा जास्त दमट झाली की तंतू रोलरला चिकटायला लागतात, गुंडाळले जातात, धागा तुटत राहतो. आणि फार कोरडी ठेवली तर घर्षणानं वीज साचते, तंतू एकमेकांना ढकलतात, हवेत तूस उडतं. म्हणून कताईत आर्द्रता साधारण ५० ते ६० टक्क्यांच्या मधे कुठेतरी ठेवतात, ती मशीनला मानवते, सुताला मानवत नाही. म्हणजे सूत जन्मतःच तहानलेलं असतं असं म्हणा.

कोरड्या सुताचं बिघडतं काय? कापसाची एक गंमत आहे, तो ओला झाला की कमजोर होत नाही, उलट ताकदवान होतो. पूर्ण ओल्या कापसाची ताकद कोरड्यापेक्षा १० ते २० टक्के जास्त भरते. कारण पाणी आत शिरलं की साखळ्या थोड्या सैल होतात, एकमेकींवर सरकू शकतात, आणि ओढ बसली की सगळा भार एकाच ठिकाणी न पडता वाटला जातो. शिवाय तंतू फुगतात, एकमेकांना जास्त घट्ट घासून धरतात. कोरडा तंतू ताठर असतो, वाळलेल्या काडीसारखा, ताण आला की लांबत नाही, तुटतो. निटिंग मशीनवर (टी-शर्टचं कापड सुयांवर विणतात ते) किंवा मागावर सुताला सतत झटके बसत असतात, तिथे ताकदीइतकंच, खरं म्हणजे ताकदीपेक्षा जास्त, त्या लांबण्यावर अवलंबून असतं. ५.५ वरून ८ च्या पुढे रिगेन नेला की ताकदही काही टक्के वाढते आणि लांबणही, आणि कोरड्या सुतातून सुया नि गाइडवर जे तूस झडत असतं तेही कमी होतं.

पण हे कापसाचं झालं. व्हिस्कोसची गोष्ट उलटी. तेही सेल्युलोजच, पण त्याच्या साखळ्या आखूड आणि शिस्त कमी, त्यामुळे पाणी शिरलं की त्या एकमेकींपासून सुटतात आणि पूर्ण ओलं व्हिस्कोस जवळपास अर्धी ताकद घालवून बसतं. म्हणून कापसाला चालतं ते सगळ्यांना चालेल असं धरून एकच प्रोग्राम सगळ्या मालाला लावणारे लोक दिसले की मला धास्ती वाटते.

आता पिळाकडे येऊ. निटिंगला लागतं तसं ३० काउंटचं सूत घेतलं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा, जेवढा मोठा तेवढं सूत बारीक) तर त्यात इंचाला साधारण २० पीळ असतात, मीटरला पावणेआठशे धरा. ह्या सुताच्या एका किलोत ५० किलोमीटरच्या वर लांबी भरते, म्हणजे दोन किलोचा कोन घेतला तर त्यावर शंभर किलोमीटर सूत आणि त्यात साडेसात कोटींच्या वर पीळ. एवढे सगळे पीळ म्हणजे दाबून ठेवलेल्या स्प्रिंगच आहेत. तंतू मुळात सरळ होता, त्याला जबरदस्तीनं मळसूत्रासारखा वळवलाय, त्याला परत सरळ व्हायचंय, आणि सूत जरा सैल पडलं की तो संधी साधतो. मागावर आडव्या धाग्यात ती वेटोळी तशीच कापडात विणली जाते आणि कापडावर गाठीसारखी दिसते, निटिंगमधे सुईत अडकून धागा तुटतो किंवा भोक पडतं.

पीळ शांत करायला वाफ कशी उपयोगी पडते हे समजायला कारखान्यात जायची गरज नाही. सुती शर्टला इस्त्री करताना आपण आधी पाणी शिंपडतो ना? कोरड्या शर्टवर कितीही वेळ इस्त्री फिरवली तरी चुणी हट्टानं राहते आणि ओलसर केला की एका फटक्यात जाते. किंवा ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपलं की सकाळी वेणी सोडल्यावर केसांत लाटा राहतात, तेच केस कोरडे असताना वेणी घातली तर तेवढ्या राहत नाहीत. सुताचंही हेच. तंतूच्या आत साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी आणि उष्णता एकत्र आली की हे बंध सुटतात, साखळ्या ज्या वळलेल्या अवस्थेत आहेत त्याच अवस्थेत आरामात बसतात, आणि मग गार होताना बंध नव्यानं जुळतात, पण आता वळलेल्या आकारातच. पीळ तेवढाच राहतो पण त्याची सुटायची ओढ जाते. ह्याला ट्विस्ट सेटिंग म्हणतात. नुसत्या गरम हवेनं कापसात हे नीट होत नाही आणि नुसत्या गार पाण्यानं फार वेळ लागतो.

पूर्वी हे काम वेळ देऊनच करायचे. आडव्या धाग्याच्या कांड्या दमट तळघरात ठेवायच्या, विटांची जमीन ओली करायची, वर ओली पोती टाकायची आणि एक-दोन दिवस वाट बघायची. ते चुकीचं नव्हतं, कांडी लहान असते, ओलावा सावकाश आत पोचतो. पण दोन किलोचा घट्ट गुंडाळलेला कोन तसा ठेवला तर बाहेरचे थर ओलावा घेतात आणि आतल्यांना पत्ताही नसतो. पाण्याचा फवारा मारला तर अजूनच वाईट, वरचा थर चिंब, त्याखालचा कोरडा ठाक. मग मोठ्या पेटीत साधी वाफ सोडायची पद्धत आली, त्यातही हाच त्रास, कारण कोनच्या आत धाग्या-धाग्यांच्या मधे हवा भरलेली असते आणि ती बाहेर जायला तयार नसते. हवा उष्णता नीट जाऊ देत नाही, गोधडी ऊब धरते ती तिच्यातल्या हवेमुळेच, आणि इथे कोनच्या आत तीच गोधडी पांघरलेली असते.

ह्यावरचा उपाय म्हणजे व्हॅक्युम, आणि माझ्या मते सगळ्या कंडिशनिंगमधली खरी हुशारी ह्या एका गोष्टीत आहे, बाकी सगळं तपशील. कोन ट्रॉलीवर रचून एका मोठ्या पोलादी टाकीत ढकलतात, दार बंद, आणि पंपानं आतली हवा ओढून घेतात. टाकीतली तर जातेच पण कोनच्या पोटातलीही बाहेर येते. आता आत वाफ सोडली की तिच्या वाटेत कुणी नाही, ती क्षणात गाभ्यापर्यंत जाते.

व्हॅक्युमचा दुसरा फायदा तर जास्तच सुंदर आहे. उंच डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळतं हे शाळेत शिकलोय, कारण तिथे हवेचा दाब कमी. टाकीत तो दाब आपण हवा तेवढा खाली नेऊ शकतो. नेहमीचा दाब १०१३ मिलिबार धरला तर तिथे पाणी १०० अंशांना उकळतं. तोच २०० मिलिबारच्या आसपास आणला की ६० अंशांना उकळतं, आणि १२३ ला आणला की ५० अंशांना. म्हणजे घरातल्या कुकरच्या बरोबर उलटा प्रकार. सुताला १०० अंशांची वाफ द्यायची गरजच राहत नाही, ५५-६० अंशांची खरीखुरी वाफ मिळते, सूत पिवळं पडायची भीती कमी, आणि ऊर्जाही कमी लागते.

वाफ गार कोनवर पोचली की तिचं पाणी होतं, आणि इथे अजून एक मजा आहे. १ किलो पाण्याची ६० अंशांची वाफ साडेसात घनमीटरच्या वर जागा व्यापते, आणि पाणी झालं की तीच १ लिटरमधे येते. म्हणजे जिथे वाफेचं पाणी झालं तिथे एकदम जागा रिकामी पडते आणि ती भरायला मागची वाफ आपोआप आत ओढली जाते. कुणी ढकलायला लागत नाही, कोन स्वतःच वाफ पितो. अट एकच, वाफेत हवा नको. थोडी जरी हवा राहिली तर वाफेचं पाणी होत जातं आणि हवा मागे साचत जाते, आणि नेमकी कोनच्या आतल्या भागात जाऊन बसते जिथून तिला हाकलायचं होतं. म्हणून बरेच जण एकदा वाफ दिली की मधे परत व्हॅक्युम ओढतात आणि दुसऱ्यांदा वाफ देऊन मग जास्त वेळ ठेवतात.

किती ओलावा चढेल ह्याचा ढोबळ हिशोब कागदावर करता येतो आणि तो प्रत्येकानं एकदा करून बघावा, कारण त्यानं बरेच गैरसमज जातात. ६० अंशांना वाफेचं पाणी होताना किलोला साधारण २३६० किलोज्यूल उष्णता सुटते. १ किलो सूत ३० अंशांवरून ६० वर न्यायला, त्यातलं थोडं पाणी धरून, ४५ ते ५० किलोज्यूल लागतात. भागाकार करा, २० ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे किलोला २० ग्रॅम पाणी झालं की सूत वाफेएवढंच तापतं, आणि एकदा ते तेवढं तापलं की वाफेचं पाणी व्हायला कारणच उरत नाही, थंड काही नाहीच ना आता. त्यात तंतूनं पाणी शोषलं की तो स्वतःही थोडी उष्णता सोडतो, म्हणजे अजून जरा कमी. तर हातात येतात दीड-दोन टक्के. मग वाफ दुप्पट वेळ सोडा नाहीतर चौपट, त्या हिशोबात फार फरक पडत नाही, वेळानं ओलावा सारखा पसरतो, पीळ जास्त शांत होतो, पण ढीगभर वाढत नाही. आणि ह्याच हिशोबातून हेही दिसतं की वाइंडिंगवरून नुकताच उतरलेला गरम कोन तसाच टाकीत घातला तर तो कमी ओलावा घेणार, कारण त्याला ६० पर्यंत जायला अंतरच कमी आहे. काही तास गार होऊ द्या आणि मग घाला. एवढ्या साध्या गोष्टीसाठी लोक मशीनवाल्याला फोन करतात.

वाफ कुठली हाही प्रश्न आहे. बॉयलरमधली जास्त दाबाची वाफ नळीनं आणून व्हॅक्युमच्या टाकीत सोडली तर दाब एकदम पडल्यामुळे ती त्या दाबाला जेवढी गरम असायला हवी त्यापेक्षा जास्त गरम राहते, म्हणजे वाफ असून कोरडी, ती सूत भिजवायच्या आधी भाजते. म्हणून बऱ्याच मशीनमधे टाकीच्या तळाशीच पाणी असतं, ते तापवतात, आणि कमी दाबात ते तिथल्या तिथे उकळून हवी तेवढीच, हव्या त्याच तापमानाची वाफ देतं. हिला संपृक्त वाफ म्हणतात. पाणी मऊ हवं, लोह असलेलं तर अजिबात नको, नाहीतर पांढऱ्या सुतावर डाग पडतात. आणि टाकीच्या छताला जमलेलं पाणी कोनवर टपकता कामा नये. वाफ दिलेला कोन हाताला ओला लागला तर समजा की काहीतरी चुकलंय, ओलावा तंतूच्या आत हवा, थेंब होऊन वर नको.

तापमान किती ठेवायचं हे मालावर आहे. निटिंगच्या कापसाच्या सुताला वाइंडिंगवर मेण लावतात, म्हणजे सुयांमधून ते गुळगुळीत सरकतं, घर्षणांक साधारण ०.१५ च्या आसपास येतो. हे मेण ६० अंशांच्या मागेपुढे वितळतं. आता कुणी पीळ जास्त शांत व्हावा म्हणून ७० अंशांची वाफ दिली तर पीळ शांत होईल पण मेण वितळून सुताच्या आत मुरेल, वर काहीच उरणार नाही, आणि निटिंगवाला विचारेल की मेण लावलंय की नाही. लावलेलं असतं, आत गेलेलं असतं. म्हणून मेणाच्या मालाला ५५ च्या आसपासच थांबायचं, आणि नवीन मेणाची वडी आली की ती किती अंशांना वितळते हे आधी विचारायचं. लोकरीला जास्त लागतं, ७५-८० च्या घरात. पॉलिएस्टरमधे पाणी शिरतच नाही, तिथे सगळा खेळ उष्णतेचा, आणि त्याच्या साखळ्या ७०-८० अंशांच्या पुढेच सैल व्हायला लागतात, त्यामुळे पॉलिएस्टर-कापूस मिसळलेल्या सुताला कापसाच्या तापमानावर ठेवून पीळ बसत नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टरमधे अजून एक भानगड, उष्णता कमी-जास्त झाली तर नंतर रंग कमी-जास्त चढतो, म्हणजे टाकीत एका कोपऱ्यात पाच अंश कमी असले तर ते कापडावर पट्टा होऊन दिसू शकतं.

आणि आता जरा निराशेची गोष्ट. कापसात बसवलेला हा पीळ कायमचा बसत नाही. जे बंध पाणी आणि उष्णतेनं नव्यानं जुळवले ते पाणी आणि उष्णतेनंच परत सुटतात. टी-शर्ट दोन-चारदा धुतल्यावर बाजूची शिवण फिरून पोटावर येते ना, त्यामागे मुख्यतः सुतातला हाच उरलेला पीळ असतो, धुताना जागा झालेला. कंडिशनिंगनं निटिंग सुरळीत होतं, कोरं कापड कमी तिरकं येतं, पण धुतल्यावर तिरकं जाणारच नाही असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गंमत म्हणजे क्रेप कापडात लोकांना नेमकं हेच हवं असतं. तिथे मुद्दाम प्रचंड पीळ दिलेलं सूत घेतात, विणता यावं म्हणून वाफेनं तात्पुरतं झोपवतात, आणि कापड विणून झालं की गरम पाण्यात टाकून परत उठवतात. सगळे पीळ एकदम जागे होतात, कापड आकसतं आणि अंगावर ती क्रेपची दाणेदार सुरकुती उमटते. सेटिंग कायमचं असतं तर हे कापडच बनलं नसतं.

मागावरच्या उभ्या धाग्याच्या बाबतीतही एक स्पष्ट सांगायला हवं. त्याला पुढे कांजीत बुडवून सिलिंडरवर वाळवतात, म्हणजे कोनमधे मायेनं भरलेला ओलावा तिथे वाफ होऊन निघून जातो. वार्पिंगला, म्हणजे उभे धागे शेजारी-शेजारी गुंडाळून घ्यायला, कोन वेगानं उलगडताना त्याचा उपयोग होतो, पण खरा फायदा निटिंगला आणि आडव्या धाग्याला. निटिंगचा माल घाईत तसाच पाठवायचा आणि उभ्या धाग्याचा माल मात्र टाकीत घालून रांग लावायची हे मी बघितलंय, विचारलं तर उत्तर काय, तर वजन.

वजनाचं बोलू मग. सूत वजनावर विकतात आणि त्यात पाणी असतं, हा वाद फार जुना आहे. रेशमात तर एवढा पैसा अडकलेला की फ्रान्समधल्या लियों शहरात १८०५ मधे नेपोलियनच्या हुकमानं रेशमाचं खरं वजन ठरवणारी सरकारी संस्था उभी राहिली, आणि लोकरीसाठी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला १८९१ मधे तसंच कंडिशनिंग हाउस आलं. म्हणजे कंडिशनिंग हा शब्द आधी ओलावा मोजण्याशी जोडलेला होता, ओलावा देण्याशी नंतर. हिशोब आजही तोच, नमुना पूर्ण वाळवायचा, त्यावर ठरलेला रिगेन चढवायचा, ते व्यापारी वजन. पूर्ण कोरडा १००० किलो कापूस ५.५ टक्के रिगेनवर १०५५ किलो भरतो आणि ८.५ वर १०८५. ३० किलोचा फरक, आणि हा फरक घ्यायचा विकणाऱ्याला हक्कच आहे कारण भावच त्या हिशोबानं ठरलेला असतो. पण ८.५ च्या पुढे ढकलायला लागलात तर ते पाणी विकणं झालं, आणि ते पाणी बुरशीच्या रूपानं परतही येतं.

बुरशीवरून आठवलं. टाकीतून काढलेला कोन गरम असतो. तो तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला की बाहेरून पिशवी गार होते, आतला ओलावा पिशवीच्या भिंतीवर थेंब होऊन जमतो आणि वरच्या थरात परत मुरतो. एकदा गाडी वेळेत सुटावी म्हणून आम्ही स्वतःच हे केलंय, वीस मिनिटांत पॅकिंग, आणि पंधरा दिवसांनी फोटो आले, कोनच्या खांद्यावर करड्या ठिपक्यांची माळ. गार होऊ द्यायला दोन-तीन तास लागले असते. पण म्हणून रात्रभर उघडेही ठेवू नका, कोरड्या खोलीत वरचा थर काही तासांत परत सुकायला लागतो.

ओलावा मोजताना मीटरच्या सुया कोनात खुपसतात, त्या दोन सुयांमधला विजेचा विरोध बघून आकडा देतात. झटपट कामाला ठीक आहे, पण पक्कं हवं असेल तर ओव्हन. १०५ अंशांना वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवायचं. १०० ग्रॅम ठेवले आणि ९२.५ उरले तर पाणी ७.५ ग्रॅम, रिगेन ७.५ भागिले ९२.५, म्हणजे ८.१ टक्के. आणि कृपा करून नमुना फक्त वरच्या थरातून काढू नका. जुनं ब्लेड घ्या, कोन वरून खालपर्यंत नळीपर्यंत कापा, कलिंगडासारखा उघडा, आणि बाहेरचा, मधला, नळीलगतचा असे तीन वेगळे नमुने काढा. एक कोन वाया जातो, जाऊ दे. आम्ही पहिल्यांदा कापला तेव्हा बाहेर ९ च्या वर होतं आणि नळीपाशी साडेसहा, मीटर मात्र रोज आठ-साडेआठ दाखवत होता कारण सुया तेवढ्याच खोल जायच्या. वाफेची वेळ वाढवून काही झालं नाही. मग कुणीतरी व्हॅक्युम पंपाकडे बघितलं, दाराचं रबर एका बाजूनं दबलेलं होतं आणि तिथून हवा आत येत होती. रबर बदललं, परत कोन कापला, आत-बाहेर अर्ध्या टक्क्याचा फरक उरला.